शेवटचा निळा खडा

ऐका हं. एका राजाला दगडांचं वेड होतं. हिऱ्यामाणकांचं नाही, बरं का! काळ्या कातळात पोकळ्या असतात ना, त्यांच्यात रंगीत खडे उगवतात, त्यांचं. कुणी घडवलेले नाहीत, कुणी पैलू पाडलेले नाहीत, आपले आपणच उगवलेले. राजाने महालभर मांडून ठेवले होते. राज्यकारभार गेला चुलीत! लोक त्याला गारगोट्या राजा म्हणायचे. मागून हं, तोंडावर कोण म्हणेल?

त्याची एकुलती एक लेक सगुणा. आई नव्हती बिचारीला. बाप खडे बघत दिवसदिवस बसायचा, पण पोर जेवली का, ते विचारायचा नाही. मला तर रागच येतो त्याचा. तरी पोर त्याच्या मागे मागे डोंगरात जायची. काय करणार, बापच ना तो.

आता पाथरवटांची एक रीत होती. पोकळीतले खडे घ्यायचे, पण शेवटचा आत ठेवायचा. डोंगराची कूस रिकामी करायची नाही. केली तर डोंगर तोंड मिटतो, म्हणायचे.

एकदा काय झालं, राजाला मोठी पोकळी सापडली. वाकून आत जाता येईल एवढी. राजा आत शिरला, सगुणा बाहेर पदर पसरून बसली. आतून आला हिरवा खडा. मग आला गुलाबी. मग आला पांढरा, सावरीच्या कापसासारखा. मग आतून राजा ओरडला, "पोरी, निळा! मोरपिसासारखा निळा!"

"आबा, तो शेवटचा असेल. राहू द्या."

राहू देतोय कसला! त्याने खडा उपटला आणि धाडकन् डोंगराचं तोंड मिटलं.

गुंड्या, पाय आत घे पांघरुणात. घाबरू नकोस, ऐक.

सगुणाने कातळावर डोकं आपटलं, हाका मारल्या. मग तिने हिरवा खडा कातळाला टेकवला. खडा आत विरघळला आणि केसाएवढी भेग पडली. मग गुलाबी दिला. भेगेत बोट जाईना, पण बापाचा आवाज येऊ लागला. मग पांढरा दिला. भेगेत हात जाऊ लागला.

"आबा, आता तो निळा ठेवा खाली आणि या!"

आतून हात आला. बापाचा हात, आणि मुठीत निळा खडा. "आधी हा धर," राजा म्हणाला. "जपून हं, टवका उडेल."

काय म्हणावं या माणसाला!

सगुणाने खडा घेतला मात्र, भेग करकरत मिटू लागली. राजाने हात कसाबसा आत ओढला. पोरीने विचार केला नाही. तिने खडा भेगेतून आत भिरकावला. आणि राजा? राजा अंधारात खड्यामागे धावला!

मग सगुणाने आपला हात भेगेत घातला. पार कोपरापर्यंत.

"आबा, मी हात काढणार नाही."

कातळ आवळत आला. राजा आत रांगत खडा चाचपत होता. सापडला. बोटं त्याच्यावर पडली. आणि तेवढ्यात मागे काचेच्या बांगड्या फुटल्या. खळ्ळकन्. एक, दोन, सगळ्या. पोर ओरडली नाही, बरं का. नुसता श्वास आत ओढला तिने.

राजाचं काळीज हललं. खडा होता तिथेच राहिला. तो धडपडत आला, लेकीचा रक्ताळलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि हमसून हमसून रडला. "लेक माझी! दुखतंय का गं? जेवलीस का तू आज?"

डोंगराने तोंड उघडलं. राजा बाहेर आला.

महालात खडे अजून आहेत. राजा अजून डोंगरात जातो, नाद थोडाच सुटतो? पण आधी दोघं एका ताटात जेवतात, मग निघतात.

झालं. बाप लेकीजवळ, खडा डोंगराजवळ, आणि तुम्ही माझ्याजवळ. मिटा डोळे आता.