एकच सूर धरणारी मुलगी

खूप पूर्वी, गडावर माणसं राहत होती आणि गडाच्या दारावर रोज सनई वाजत होती तेव्हा, पायथ्याच्या गावात एका आईची झोप उडाली होती. कारण ऐकाल तर हसाल. तिची लेक नगारखान्यात सनई शिकायला जात होती, आणि इतके महिने होऊनही तिला एकही गाणं येत नव्हतं.

तिथली रीतच तशी होती. जाणता माणूस गाणं वाजवी, आणि नवा शिकणारा शेजारी बसून नुसता सूर धरी. एकच सूर, सरळ, न तुटणारा. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालांतली हवा सनईत सोडायची. हे जमावं म्हणून मुलगी घरी पाण्याच्या वाडग्यात नळी बुडवून फुंकत बसे. बुडबुडे थांबता कामा नयेत. ती त्यात अगदी खुशीत असे.

आईला मात्र घोर. पोर मंद तर नाही? की आपलंच काही चुकतंय? दुसरी कुणी आई असती, तर एव्हाना पोरगी वाजवायला लागली असती का?

एक दिवस पाणवठ्यावर शेजारीण म्हणाली, “तुमची लेक अजून पाणीच उकळतेय का हो?”

बायका हसल्या. आईचे कान तापले.

“छे हो,” ती बोलून गेली. “काल दारावरचं सगळं गाणं तिनेच वाजवलं. वाजवणारे जाळीआड बसतात म्हणून दिसत नाही, इतकंच.”

“अगंबाई, ती होती होय? मग माझ्या धाकटीच्या लग्नात तिलाच पाठवा. नगारखान्यातले मोठे लोक दार सोडून येत नाहीत, पण पोर येईल. आता परगावचे वाजंत्री कशाला सांगू?”

खरं सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. आईने मान डोलावली आणि हंडा उचलला.

घरी मुलगी म्हणाली, “आई, मला गाणं येत नाही. मला सूर येतो.”

“तेच ते. तोच सूर जरा वरखाली करायचा.”

मुलीने आईकडे पाहिलं. आईला सगळं कळतं, असं तिला अजून वाटत होतं. “बरं,” ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. शेजारणीने मुलीला कौतुकाने पाटावर बसवलं. मुलीने सूर वर नेला, सनई चिरकली. खाली आणला, तो फाटला.

वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, “कुणाच्या पायाखाली मांजर आलंय का बघा रे.”

मांडव हसला. मग मुलीने जे येत होतं तेच केलं. एक सूर धरला आणि धरून ठेवला. पण नुसत्या सुरावर नवरदेव किती वेळ उभा राहणार? तिला थांबवलं. शेजारणीच्या लेकीचं लग्न वाजंत्रीशिवाय लागलं.

मुलीने गर्दीत आईला शोधलं. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “एरवी छान वाजवते हो. आजच हिला काय झालंय, कोण जाणे.”

मुलीने मान खाली घातली. घर येईपर्यंत ती वर केली नाही.

त्यानंतर ती नगारखान्यात गेलीच नाही. शेवटी तिला शिकवणारे म्हातारे सनईवाले स्वतः गड उतरून आले.

“पोरीला कुणी काही बोललं का?” त्यांनी विचारलं. “तिच्यावाचून आमचं गाणं उघडं पडलंय.”

आईला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ती उठली, तशीच पाणवठ्यावर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “दारावर ती फक्त सूर धरायची. गाण्याचं मी खोटं सांगितलं. मांडवातही मी तिलाच पुढे केलं.”

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेजारणीने आपला हंडा उचलला आणि ती अंग चोरून बाजूने निघून गेली. पुढे ती या आईशी कधीच बोलली नाही.

बोध एवढाच: बढाई आईबाप मारतात, आणि तिची लाज लेकरांना सोसावी लागते.

त्या संध्याकाळी आई लेकीजवळ बसली. पाणवठ्यावर आपण काय सांगून आलो, ते तिने लेकीला सांगितलं. मग भीतभीतच विचारलं, “उद्या जाशील ना सनईला?”

मुलीने कोपऱ्यातला वाडगा पुढे ओढला.

“जाईन,” ती म्हणाली. “पण मी काय वाजवते, ते तू कुणाला सांगू नकोस.”