आमच्यातला तंबोरा

फार वर्षं झाली. एका गावाच्या उकिरड्यावर भोपळ्यांचे वेल मातले होते. नाक दाबल्याशिवाय तिकडून कुणी जात नसे. पण तिथलाच एक भोपळा पुढं तंबोऱ्याला लागला आणि मोठमोठ्या मैफलींत मिरवू लागला. तेव्हापासून उकिरड्यावरच्या भोपळ्यांचा तोरा काही विचारू नका! येणाऱ्याजाणाऱ्याला गाठून सांगायचे, "तो तंबोरा आमच्यातला बरं का!"

चंपी कोंबडी दाणे टिपताना हे रोज ऐकायची. एकदा कोपऱ्यातला कडू भोपळा पुटपुटला, "जरा पानं बाजूला घेता का? मला ऊन लागत नाही."

"तुला कशाला रे ऊन, कडवट्या?" सगळे खेकसले. "तुला कोण भाजीत घालणार आहे?"

चंपीनं मान वर केली. "काय हो, तुमच्या त्या तंबोऱ्याची भाजी कशी नाही झाली?"

थोरला वेल म्हणाला, "कडू होता, बाई. कुणी तोडला नाही, म्हणून तर वेलावरच वाळून टणक झाला."

"आणि लटकायचा कुठं?"

थोरल्या वेलानं कोपऱ्यावर पसरलेलं आपलं रुंद पान हळूच बाजूला केलं.