बाहेर बसवलेला मध्यरक्षक

कबड्डीचे मैदान सोडून तीस वर्षे झालेले एक वृद्ध परीक्षक होते. शारीरिक शिक्षणात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, दोन विद्यापीठांत शिकवले होते, आणि तरीही स्वतःच्या मतावर त्यांचा पुरता भरवसा नसे. एखादे मत मांडले की लगेच तेच त्याची उलटतपासणी सुरू करीत. खेळाडू पारखावा तर यांनीच, असे लोक म्हणत. ते कानावर आले की ते अस्वस्थ होत आणि विषय बदलत.

एकदा एका व्यावसायिक कबड्डी संघाने त्यांना बोलावून घेतले. संघाचा मालक फरशांचा मोठा व्यापारी होता. लीगची खेळाडू-निवड चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी सगळे संघ एका सभागृहात बसत, महाविद्यालयीन खेळाडूंतून पाळीपाळीने एकेक नाव पुकारत, आणि एकदा पुकारलेले नाव परत घेता येत नसे. या संघाला बचावासाठी एकच पाळी मिळाली होती. हवा होता एक मध्यरक्षक.

मध्यरक्षकाचे काम तसे न दिसणारे. चढाई करणारा गडी आत आला की कोपऱ्यातला रक्षक, ज्याला खेळाडू नुसता 'कोपरा' म्हणतात, वाकून त्याचा घोटा धरतो. त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक धावून येतो आणि चढाईपटूची परतीची वाट आपल्या अंगाने अडवतो. तो आला नाही तर चढाईपटू घोट्याला लोंबकळणाऱ्या कोपऱ्यालाच मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. पण नोंदवहीत पकड चढते ती ज्याने आधी हात घातला त्याच्या नावावर.

कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयाच्या क्रीडागृहात विद्यापीठांतल्या निवडक मुलांचे शिबिर भरले होते. वृद्धांबरोबर त्यांचा शिष्य आला होता. तिशी ओलांडलेला, क्रीडाविज्ञान शिकलेला, गेली तीन वर्षे त्यांच्यासोबत गावोगाव हिंडणारा. दोन दिवस त्याने प्रत्येक चढाई चित्रित केली, प्रत्येक पकड मोजली, मोसमाच्या नोंदवह्याही चाळल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने वृद्धांपुढे लॅपटॉप ठेवला.

"सर, यात विचार करण्यासारखं काही उरलंच नाही. शार्दूलच्या या मोसमात एक्केचाळीस पकडी. बिरदेवच्या तेरा."

दोघे शिबिरातल्या एकाच संघात होते. शार्दूल डावा मध्यरक्षक होता. उंच, रुंद खांद्यांचा, झेप घेऊन चढाईपटूच्या कमरेला मिठी मारणारा. बिरदेव उजवा मध्यरक्षक होता. बुटका, आखूड मानेचा, आणि पाहणाऱ्याच्या लक्षात न राहणारा. विद्यापीठातले त्याचे हे शेवटचे वर्ष होते. नाव पुकारले गेले नाही तर मामाच्या रोपवाटिकेत कामाला लागायचे, असे घरी ठरून गेले होते. हे त्याने स्वतःच शिष्याला सांगितले होते, तक्रारीचा सूर न लावता.

"तेरा," वृद्ध म्हणाले. "बरोबर मोजल्यास ना?"

"दोनदा."

"हं." त्यांनी लॅपटॉप मिटला. "मग शार्दूलच असेल. असेलच. पण आज दुपारच्या सामन्यात एक करू. पहिल्या डावात शार्दूलला बाहेर बसव. दुसऱ्या डावात त्याला आत घे आणि बिरदेवला बाहेर बसव."

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "सर, हा शेवटचा सामना आहे. ज्यांना पाहायला आलो त्यांनाच बाहेर बसवायचं?"

"हो. आणि दोन्ही वेळा बदली गडी एकच ठेव. त्यांना कारण सांगू नकोस." मग ते स्वतःशीच पुटपुटले, "चुकतही असेन मी."

सामना सुरू झाला. शार्दूल बाकावर बसलेला पाहून व्यापारी तरातरा खाली आला.

"काय सर, परीक्षा सुरू आणि विद्यार्थी वर्गाबाहेर?"

"अर्धा वेळच, शेठ."

"अहो, आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आम्ही फरशी दाखवतो. तुम्ही ती काढून खालची माती दाखवताय!"

भोवतीची माणसे हसली. वृद्धही कसनुसे हसले, पण बेत बदलला नाही. ते शिष्याला हळूच म्हणाले, "आज पकडी मोजू नकोस. बदली गड्याकडेही पाहू नकोस. त्याच्या शेजारी जो कोपरा आहे, त्याच्या पायांकडे पाहा."

पहिल्या डावात डाव्या कोपऱ्याचे पाय रोजच्या जागीच होते. शार्दूल नव्हता म्हणून त्याचे काही अडले नाही. उलट दोनदा त्याला घोटा मिळाला. एरवी तो घोट्यापर्यंत पोहोचण्याआधीच शार्दूलने झेप घेतलेली असे. उजवीकडे तर इंद्रजितने कहर केला. इंद्रजित उजवा कोपरा, शिबिराचा नायक. मागच्या रेषेपासून चांगला हातभर पुढे उभा राहून तो चढाईपटूला जणू आमंत्रण देई. त्या वीस मिनिटांत त्याने चार घोटे धरले. चारही वेळा बिरदेव वेळेवर आला, आडवा झाला, सगळ्यांच्या खाली दबला आणि उठून आपल्या जागी गेला. चारही पकडी इंद्रजितच्या नावावर लागल्या.

मध्यंतरात शिष्य बिरदेवकडे गेला. "तू या डावात बस."

बिरदेवने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "काय चुकलं का वो सर माझं?"

"बस फक्त."

तो बसला. गुडघ्यावरची पट्टी मात्र त्याने सोडली नाही.

दुसऱ्या डावाच्या पहिल्याच चढाईला इंद्रजितने नेहमीसारखा घोटा धरला. बदली मध्यरक्षक धावला, पण अर्धे पाऊल उशिरा. चढाईपटूने इंद्रजितला ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावला. प्रेक्षकांत कुणीतरी शीळ घातली. इंद्रजित उठला, मान झटकली, आपल्या कोपऱ्यात परतला आणि एक पाऊल मागे उभा राहिला.

ते पाऊल शिष्याने पाहिले.

पुढच्या चढाईला इंद्रजित वाकला, पण हात घातला नाही. त्याच्या पुढच्या चढाईला तो वाकलाही नाही. दहा मिनिटे झाली तेव्हा त्याच्या टाचा मागच्या रेषेला टेकल्या होत्या, आणि चढाईपटू उजव्या बाजूला घरच्या अंगणात फिरावे तसे फिरत होते. व्यापारी ओरडला, "अरे ए इंद्रजित! जेवण जास्त झालं काय?" इंद्रजितने वर पाहिलेसुद्धा नाही. बाकावर बिरदेवचे दोन्ही हात दर चढाईला मिटत होते आणि उघडत होते. वीस मिनिटांत उजव्या कोपऱ्याची एकही पकड झाली नाही.

शिष्याच्या मनात शंका आली आणि ती त्याने बोलून दाखवली. "सर, हा बदली गडीच कच्चा असेल."

वृद्धांचा चेहरा उजळला. "मलाही हीच भीती होती. म्हणूनच दोन्ही वेळा तोच ठेवला. पहिल्या डावात तो शार्दूलच्या जागी होता. तिथे काय बिघडलं?"

डाव्या कोपऱ्याचे पाय जागचे हलले नव्हते, हे शिष्याला आठवले.

सामना संपताच बिरदेव पिशवी भरू लागला. इंद्रजित घामाघूम होऊन त्याच्यापुढे उभा राहिला आणि चारचौघांत खेकसला, "कुठं मेला होतास रे तू?"

"बसवलं मला. दिसत न्हाई?"

"बसवलं म्हणं! माझी पार शोभा झाली तिथं. पाय उचलंचनात."

"मला का सांगतोस? जा, सरांना सांग," बिरदेव म्हणाला आणि पिशवीचा बंद ओढू लागला.

वृद्ध तिथवर चालत आले. "बिरदेव, मी तुला न सांगता बाहेर बसवलं. सांगितलं असतं तर तू बाकावरून ओरडून इंद्रजितला धीर दिला असतास, आणि मला काहीच कळलं नसतं. पण त्या वीस मिनिटांत तुझ्या मनाला जे झालं, त्याबद्दल मला क्षमा कर."

एवढा शिकलेला, एवढा वयस्कर माणूस आपली क्षमा मागतो आहे, हे बिरदेवला कसेसेच वाटले. "न्हाई न्हाई सर, तसं काई न्हाई," एवढेच तो पुटपुटला.

संध्याकाळी महाविद्यालयाच्या कचेरीत तिघे बसले. व्यापाऱ्यापुढे चहा निवत होता.

"तेरा पकडींचा गडी?" तो म्हणाला. "सर, मी त्याचं नाव पुकारलं तर बाकीचे संघ मला हसतील. आणि तुम्ही तर त्याचा खेळच मला धड दाखवला नाहीत."

तेव्हा वृद्ध म्हणाले, "शेठ, बावीस वर्षांपूर्वी मी असाच एक मुलगा संघातून वगळला. पकडी कमी म्हणून. पुढच्या मोसमात त्याच्या बाजूला खेळवलेले आमचे दोन्ही कोपरे, एकामागून एक, बिघडले. आम्ही त्यांना रागावलो, त्यांचा आहार बदलला, त्यांच्याकडून पहाटे धावून घेतलं. ते बिचारे घाबरले होते, आणि का घाबरले ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांच्या शेजारी कोण नव्हतं, ते माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. काही माणसांचं काम दुसऱ्याच्या धाडसात जमा होतं. अशा माणसाकडे नुसतं पाहत बसलो तर तो साधाच दिसतो. तो नसताना शेजारचा किती मागे सरकतो, ते पाहिलं की त्याचं माप कळतं. शार्दूल स्वतः चांगला खेळतो, त्यात खोट नाही. बिरदेव असला की इंद्रजित चांगला खेळतो."

व्यापारी टेबलावर बोटे वाजवीत विचार करत राहिला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण एक सांगा. तुमची खात्री आहे?"

प्रश्न साधा होता, पण नेमका वर्मी लागला. वृद्धांनी सहीसाठी शिफारशीचा कागद पुढे ओढला होता. तो हात तसाच थांबला. शिष्याने ती थांबलेली बोटे पाहिली. या तीन वर्षांत ती त्याने अनेकदा पाहिली होती. सरांच्या डोक्यात आता काय चालले असेल ते त्याला ठाऊक होते. वीस मिनिटांचा एकच डाव. एकच बदली गडी. इंद्रजितचे पोटच बिघडले असेल तर? आणि पहिल्याच चढाईला फरफट झाली, त्याचाच धसका घेतला असेल तर?

"खात्री म्हणाल तर..." वृद्ध बोलू लागले, आणि कागद किंचित मागे सरला.

शिष्याने आदल्या दोन दिवसांचे चित्रण उघडले. आपण काय शोधतो आहोत हे त्याला आता कळत होते. एकामागून एक चढाया त्याने पुढे ढकलल्या आणि एका जागी थांबवल्या. "शेठ, हे काल सकाळचं. बिरदेव दोन चढायांसाठी बाद होऊन बाहेर गेला होता. इंद्रजितच्या टाचा बघा. मागच्या रेषेवर. आणि हे बिरदेव परत आल्यानंतरचं." पडद्यावर इंद्रजित पुन्हा हातभर पुढे उभा होता. "परवाचंही असंच आहे. तीनदा. त्यांतल्या दोन वेळा इंद्रजितची फरफट वगैरे काहीच झाली नव्हती. मी पकडी मोजत बसलो होतो, म्हणून माझ्या नजरेतून सुटलं. सर बरोबर आहेत. खात्री विचारत असाल, तर ती माझी आहे. खाली माझंही नाव लिहा."

व्यापाऱ्याने चित्रण पुन्हा एकदा पाहिले. मग त्याने वृद्धांकडे पाहिले. वृद्धांनी कागद जवळ घेतला आणि सही केली, न थांबता, पूर्ण नावानिशी.

बाहेर पडताना शिष्याने विचारले, "सर, तीन वर्षं तुम्ही मला सगळीकडे नेता. मी पकडी मोजतो, त्या तर तुम्ही पाहतही नाही. मग नेता कशाला?"

वृद्ध दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "एकटा गेलो तर मी काहीच ठरवू शकत नाही रे," ते म्हणाले. एवढे बोलून त्यांनी आधारासाठी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघे उरलेल्या पायऱ्या सावकाश उतरले.

चौथ्या दिवशी सभागृहात त्या संघाची पाळी आली. व्यापारी उभा राहिला आणि त्याने खणखणीत आवाजात बिरदेवचे नाव पुकारले. टेबलाटेबलांवर लोक यादी चाळू लागले. हे नाव कोणाचे, ते बहुतेकांना आठवेना. मागच्या रांगेत मात्र, आधीच दुसऱ्या एका संघाकडे गेलेला इंद्रजित खुर्ची मागे सारून उठला.

"आयला," तो शेजाऱ्याला म्हणाला, "आता माझ्या शेजारी कोण?"