राजकन्येला दाढी आली

एका राज्यात एक विलक्षण रीत होती. राजघराण्यातल्या मुलींवर सूर्याची नजर पडू द्यायची नाही. पाळण्यावर छत्र, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आणि बागेत फिरायचं ते सूर्य मावळल्यावर. का, असं विचाराल तर उत्तर कुणापाशी नव्हतं. रीत ती रीत.

राजाचं नाव दुर्धर. मनाचा मऊ, पण डोकं तापलं की मागचापुढचा विचार नाही. दरबारात दाढी राखण्याचा मान एकट्या त्याचा. एके दिवशी भस्मांग नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याची सोनेरी दाढी गुडघ्यांपर्यंत लोंबत होती आणि त्याची निम्मी विद्या त्या दाढीतच आहे, असं लोक म्हणत. राजाने दाढी पाहिली आणि न्हाव्याला हाक मारली. भर दरबारात, दारी आलेल्या पाहुण्याची दाढी उतरवली! सांगा, याला काय म्हणावं? केस जमिनीवर पडले नाहीत. न्हाव्याच्या हातातूनच नाहीसे झाले.

मांत्रिकाने उघडी हनुवटी चाचपली आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यामागे राजकन्या कांतिमती बसली होती, राजाची एकुलती एक.

"राजा, तुझी मुलगी मातीत जाईल. तिला दाढी येईल तेव्हाच ती माणसात येईल. आणि कुजली, तर कायमची गेली."

दरबारात कुणी हसलं, कुणी शू म्हटलं. राणी मनोरमेने पडदा सारला. चौरंगावर मुलगी नव्हती. आल्याच्या गड्ड्यासारखा एक कंद पडला होता आणि त्याला तलवारीच्या पात्यांसारखी हिरवी पानं होती. राणीने तो उचलला. कंद कोमट होता.

मुलीला दाढी! राजा हबकून गेला. पण हातावर हात ठेवून बसणारा तो नव्हता. त्याने नदीकाठची काळी माती आणवली, हातभर खोल खड्डा घेतला आणि लेकीला त्यात अलगद पुरलं. वर मातीची दुलई, त्यावर पालापाचोळा, त्यावर रेशमी मांडव. दूध घातलं, गुलाबपाणी घातलं, सकाळ-संध्याकाळ सोन्याच्या झारीने पाणी घातलं. मायेत काही कमी पडू दिलं नाही हो त्याने!

आणि पानं पिवळी पडली.

राजाने पाणी वाढवलं. पानं बुडाशी मऊ झाली आणि लोळली. एका सकाळी मांडवातून कुजका वास आला. राजा धावत मांडवात शिरला. मुलगी कुजते आहे, हे त्याला कळलं, आणि आपण काय करावं ते मात्र कळेना.

राणी त्याच पावली निघाली. पाषाणवनातल्या सुळक्यावर एक बोलका पक्षी राहत असे, काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल. काटे तुडवत, निवडुंगाचं रान ओलांडत राणी तिथे पोचली.

"पक्षीराज, माझी लेक वाचव."

"तीन कामं सांगेन. करशील?"

"करीन."

"पहिलं, तिला उघड्यावर टाक. दुसरं, तिला सुरीने काप. तिसरं, तिला तहानलेली ठेव."

राणी दोन पावलं मागे सरली. "मी आई आहे की वैरीण?"

"वैरीणही मारणार नाही, तसं तुम्ही तिला प्रेमाने मारताय," कोतवाल म्हणाला. "राणी, तिचे पाय मातीत असू देत. पाठ मात्र उन्हात हवी. मांत्रिकाने तुमची रीत पाहूनच शाप निवडला. त्याला ठाऊक होतं, तुम्ही तिला झाकणार."

राणी परतली ती थेट बागेत. भर दुपारी तिने मांडवाची दोरी कापली. रेशीम खाली आलं, ऊन आत आलं, आणि सगळा राजवाडा "अहो राणीसाहेब, हे काय!" म्हणत धावला. तिने दोन्ही हातांनी माती उपसली आणि कंद वर काढला. त्याचा एक भाग लिबलिबीत झाला होता.

राजाने स्वतः सुरी घेतली. कंदावर टेकवली आणि पुन्हा खाली ठेवली.

"द्या इकडे," राणी म्हणाली.

तिने कापलं. पांढरंशुभ्र, टणक अंग लागेपर्यंत सगळं सडकं काढलं. कंदातून रक्ताचा थेंब आला. होय, रक्ताचाच! दासी किंचाळल्या. राणीने दात आवळले, जखमेला चुलीतली राख लावली, लांब पानं पंख्यासारखी अर्ध्यावर छाटली आणि कंद उन्हात सुकत ठेवला. मग ती आत जाऊन ओक्साबोक्शी रडली.

जखम वाळल्यावर मातीचा उंचवटा केला. त्यावर कंद ठेवून मुळं दोन्ही अंगांना खाली सोडली, त्यांवर माती दाबली आणि पाठ उघडी राखली. लावताना एकदा पाणी दिलं, मग माती कोरडी पडल्याशिवाय नाही. राजा रोज झारी भरून बागेपर्यंत जाई, मातीत बोट खुपसून पाही आणि पाणी वाटेतल्या केळीला घालून परत येई. थंडीत गवतावर हिव पडलं तेव्हा त्याने आपली शाल काढली. राणीने नुसतं पाहिलं. त्याने शाल पुन्हा खांद्यावर घेतली आणि लेकीशेजारी कुडकुडत बसून राहिला.

वसंत आला. पानांच्या पंख्यातून दांडा उठला, कळी फुगली, आणि एका सकाळी माळी बोंबलत राजवाड्यात शिरला, "महाराज! राजकन्येला दाढी आली!"

सगळे धावले. जांभळं फूल उमललं होतं. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर सोनेरी केसांची दाट दाढी! न्हाव्याने पाहताक्षणी ओळखली, ती भस्मांगाचीच! आजही बागांतून हे फूल दिसतं, लोक त्याला आयरिस म्हणतात. पण त्या दिवशी त्याला नाव नव्हतं. सगळे तोंडात बोट घालून उभे होते.

फूल हललं आणि रोपाच्या जागी कांतिमती उभी राहिली. केस अर्ध्यावर छाटलेले, खांद्यावर सुरीचा व्रण, हातात तेच जांभळं फूल.

कुंपणापाशी भस्मांग उभा होता. राजाने त्याच्यापुढे पागोटं उतरवलं. "चुकलो. दारी आलेल्याचा मान हिरावला."

मांत्रिकाने फुलाकडे पाहिलं. "राहू दे. तिथेच ती शोभते."

इतक्यात छत्रधारी सवयीने धावला आणि त्याने राजकन्येवर छत्र धरलं. तिच्या अंगावर सावली पडली आणि ती शहारली.

"आबासाहेब, पुन्हा पुरू नका मला."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने छत्र हिसकावून घेतलं, गुडघ्यावर दांडा मोडला आणि लेकीसमोर खाली मान घालून उभा राहिला. त्या राज्यात पुन्हा कुठल्या मुलीवर छत्र धरलं गेलं नाही.

कांतिमतीने उन्हाकडे पाठ केली आणि डोळे मिटले. तिच्या पाठीला जसं ऊन लाभलं, तसं तुमच्याआमच्या लेकींना लाभो.