उंदराच्या दारातली रांग

युवराजांचे वरचे दोन दात कोंडाबाईनं आठ दिवसांत आणून द्यायचे, नाहीतर झोपडी सोडून राज्याबाहेर चालतं व्हायचं! उदाजीराजांचा हुकूमच तसा सुटला.

झालं होतं असं, की युवराज हिंदुरावांचे दुधाचे दात पडले, बाकीचे नवे आले, पण समोरचे दोन काही केल्या येईनात. अकरा वर्षांचं पोर, सदानकदा उपरण्यानं तोंड झाकून बसायचं. वैद्यांनी मुळ्या उगाळल्या, हिरडीवर मध चोळला. हिरडी कोरी ती कोरीच!

राजे कडाडले, "पडलेले दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर कुणी टाकले?"

"मीच, सरकार," म्हातारी दाई कोंडाबाई म्हणाली.

"वाड्यावर टाकायचे ते गोठ्यावर टाकले असशील! उंदरानं नवे दात वासराला दिले! आण परत!"

घरी येऊन म्हातारी रडायला बसली. नात ठकू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आजी, त्या वाड्यात तू कुणाकुणाचे दात टाकलेस गं?"

"बापाचे नि लेकाचे, दोघांचेही." म्हातारीनं आवाज खाली आणला. "अगं, राजांचेही हेच दोन कधी आले नाहीत! मिसरूड फुटलं तशी त्यांनी मिशी ओठावर सोडली नि हसणंच टाकलं. पण हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? जीभ छाटतील!"

"मग नकोच बोलायला," ठकू म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

आठव्या दिवशी ती आजीला घेऊन दरबारात हजर. केसांत कौलांवरची जळमटं!

"दात कुठं आहेत?" राजे गरजले.

"महाराज, छपरावर चढून उंदीरमामाला जाब विचारून आले. दात तयार आहेत म्हणतो!"

"मग देत का नाही?"

"म्हणतो, पाळीनं देईन. याच वाड्यातलं एक माणूस तीस वर्षं रांगेत उभं आहे. त्याचे दोन दिल्याशिवाय धाकट्याला कसे द्यायचे?"

राजे ताडकन उठले. "माझ्या लेकाच्या आड येणारा हा कोण? आत्ताच्या आत्ता बाजूला हो म्हणावं त्याला!"

"तेवढं आपणच म्हणा, महाराज. या राज्यात त्याला हुकूम करणारं दुसरं कुणी नाही!"

प्रधानजी छताकडं बघू लागले. कोंडाबाईनं तर डोळेच मिटून घेतले. राजांचा हात मिशीकडं गेला नि तिथंच थांबला. मग मिशी हलली, थरथरली, आणि राजे असे खदाखदा हसले की पार पडजिभेपर्यंत दिसलं! समोर दोन दातांची खिडकी सताड उघडी!

"आबासाहेब!" युवराजांचं उपरणं गळून पडलं. "तुमचेपण?"

"माझेपण रे लेका! आपल्यासाठी त्या उंदराकडं काहीच नाही!"

बापलेक एकमेकांच्या तोंडात बघून पोट धरधरून हसले. डोळे पुसत राजे म्हणाले, "पोरी, दोन दातांपायी तुझ्या आजीला उगाच छळलं. घ्या, दोन दातांचे दोन बिघे! नदीकाठची काळी जमीन तिच्या नावे!"

ठकू जागची हलेना.

"आता काय?"

"मोजणी चुकली, महाराज. खिडक्या दोन, पण दात चार!"

राजे पुन्हा हसले, या खेपेला दोन्ही हातांनी मिशी बाजूला सारून. "प्रधानजी, लिहा! चार बिघे!"