दोन मोजपट्ट्या आणि एक दरवाजा

यंत्रं नुकतीच एकमेकांशी बोलू लागली होती, त्या काळची गोष्ट. दूर शहरात शिकून धरणावर परतलेल्या, पाण्याची पातळी सांगणाऱ्या मोजपट्टीला वाटलं होतं, सगळे आपली वाट पाहत असतील. इथे तर तिच्याच नावाने भलतंच कुणीतरी धरणाच्या दरवाजाला रोज कळवत होतं, "पाणी कमी आहे, बंदच राहा."

ती दरवाजाला म्हणाली, "दादा, खरी मोजपट्टी मी. पाणी चढतंय. उघडला नाहीस तर खालचं गाव बुडेल."

"नाव तीही तेच सांगते, बाई. तू तर आज उगवलीस."

दिवसभर ती पाण्यात एकटीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नावाचा हट्ट सोडायचं ठरवलं. "दादा, आम्हा दोघींना परक्या समज. तुझ्या अंगावर आत्ता पाणी कुठवर आलंय, ते दोघींना विचार आणि स्वतः बघ. चुकेल तिची तुझ्याशी जोडलेली तार तोड, मग ती मी का असेना."