पैलवाडीत काही नवीन?

"कुणीतरी आमच्यापासून बातम्या दडवतंय!"

राजे उदाजीराव भर दरबारात कडाडले, तशी सारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. नदीपलीकडच्या पैलवाडीचा बंधारा फुटला आणि राजांना ते कळलं दुसऱ्या दिवशी. वास्तविक बातम्यांसाठीच त्यांचे जासूद दिवसभर नदी ओलांडत. एक परतला की दुसरा निघे. पाटलाला विचारायचं, "काही नवीन?" पाटील म्हणे, "काही नाही." ते उत्तर घेऊन परत यायचं.

शेवटी दोष आला सिदू नावाड्यावर. बंधाऱ्याची बातमी घेऊन पाटलाचा माणूस पैलतीरावर ताटकळला आणि सिदूने त्याला होडीत घेतलं नाही. सिदू कोठडीत गेला.

त्याची लेक हौसा दरबारात आली.

"महाराज, होडीत जागा नव्हती. तुमचे जासूद बसले होते."

"काय बातमी आणत होते ते?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"हीच बातमी. काही नाही."

दरबारात कुणीतरी खोकलं. राजांच्या कपाळाला आठी पडली.

"जीभ बरीच चालते तुझी. ठीक आहे. उद्यापासून होडीत एकही जासूद बसणार नाही. तरी पलीकडे काही घडलं की आम्हांला लगेच कळलं पाहिजे. जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर तूही त्याच्या शेजारी."

कोठडीत बापाला नदी दिसत नसेल, एवढंच हौसाच्या मनात आलं.

"जमेल. पण उद्याचा दिवस एक जासूद माझ्या हुकमात द्या. त्याला कुणी अडवायचं नाही."

"दिला शब्द."

त्याच संध्याकाळी हौसा होडी घेऊन पैलवाडीला जाऊन आली.

सकाळी राजे दात घासत होते. म्हातारा बाळोजी जासूद मुजरा करून उभा राहिला.

"महाराज, काही नवीन?"

"काही नाही."

बाळोजी दारापर्यंत गेला, वळला, परत आला.

"महाराज, काही नवीन?"

राजांनी घास उचलला, बाळोजी आला. शिक्का हातात घेतला, बाळोजी आला. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच कानाशी आवाज आला, "महाराज, काही नवीन?" शब्द दिलेला, हाकलायची सोय नाही.

दिवस कलताना राजांनी हौसाला बोलावलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आज काय काय कामं झाली, महाराज?" हौसाने विचारलं.

"कामं कसली? ह्याला उत्तरं दिली!"

"पाटीलही तेच करायचे. बंधाऱ्याची भेग बघायला निघायचे, की जासूद दारात."

राजांनी डोळे चोळले. "पण विचारलंच नाही, तर कळणार कसं?"

"पैलवाडीच्या जत्रेचा नगारा वर्षभर देवळात पडून असतो. काल पाटलांना सांगून आलेय, ज्याच्याकडे बातमी, तो वाजवील. नगारा ऐकला की आम्ही होडी नेऊ."

"आणि नगारेवालाच झोपला तर?"

"रोज सकाळी गच्चीवर या. पैलवाडीच्या चुलींचा धूर दिसला, म्हणजे गाव जागं आहे. नाही दिसला, तर खुशाल जासूद धाडा."

तेवढ्यात नदीवरून नगाऱ्याचा आवाज आला. हौसा पळाली. थोड्याच वेळात ती पाटलाच्या माणसाला घेऊन आली. तो कोपरापर्यंत चिखलाने माखला होता.

"महाराज, भगदाड बुजवलं. आज विचारायला कुणी आलं नाही, त्यामुळे झालं."

राजे पोट धरून हसले. सिदू सुटला. हौसाला नवी कोरी होडी मिळाली.

बाळोजी दारात अजून उभाच होता.

"महाराज," तो म्हणाला, "मी आता घरी जाऊ, का थोड्या वेळाने येऊन विचारू?"